अपाकचा शेरा

अज्ञान मुलाच्या नावावर जमीन असली, की सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असा शेरा लागतो आणि पुढे बहुधा आईचं नाव. अज्ञान पालनकर्ता. पोरगं अठराचं झालं की वयाचा पुरावा घेऊन तलाठ्याकडे जायचं, अर्ज द्यायचा, मग फेरफार होऊन शेरा निघतो. जमिनीच्या कागदावरचा हा शेरा काढायलासुद्धा अर्ज लागतो. पोटगीच्या कागदावरचा मात्र आपोआप निघतो. आईला ते कळतं पासबुक भरून आणल्यावर, त्या महिन्याची ओळच दिसत नाही तेव्हा.

येडशीचंच बघा. सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. लातूर आणि बार्शीचे रस्ते इथे भेटतात, लातूर-मिरज रेल्वेचं स्टेशन आहे. शिकायला बाहेर पडणाऱ्या पोराला गाडीची अडचण नाही; अडचण आहे ती खोलीच्या भाड्याची आणि मेसच्या डब्याची. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे बारावी संपता संपता अठरा. आमच्या भागात एके काळी मास्तर सरसकट सगळ्यांची जन्मतारीख १ जून लावायचे, त्यामुळे निम्मा गाव एकाच दिवशी सज्ञान व्हायचा. आता जन्मनोंदी बऱ्या आहेत, पण हिशेब तोच राहिला. कॉलेजच्या प्रवेशाची पहिली यादी आणि पोटगीचा शेवटचा हप्ता एकाच उन्हाळ्यात येतात. सरकारची बालसंगोपन योजना महिन्याला २,२५० रुपये देते, तीही अठरालाच थांबते.

धाराशिवच्या कोर्टात तारखेला निघालेल्या बायकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात हुकमाची नक्कल, पासबुक, पोराची टीसी, आणि घडी पडून पडून फाटायला आलेलं आधारचं झेरॉक्स. ‘एकशेपंचवीस टाकलीय त्याच्यावर,’ असं त्या सांगतात. १ जुलै २०२४ पासून पोटगीचं ते कलम नव्या संहितेत १४४ झालं; कोर्टाच्या आवारात मात्र अजून एकशेपंचवीसच चालतं. आकडा बदलला, वयाची अट बदलली नाही. या कलमाखाली मुलाला पोटगी अज्ञान असेपर्यंतच. अपवाद एकच: शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचं पोट भरू न शकणारं अपत्य. त्यातही विवाहित मुलगी नाही.

इथे सगळ्यात महाग पडणारी चूक होते. अठरा झाले म्हणजे सगळंच संपलं, असं समजून बाई पिशवी माळ्यावर टाकते. थकलेले हप्ते बुडालेले नसतात; अठराव्या वाढदिवसाआधी जे देणं होतं, ते देणंच राहतं. पण जो हप्ता ज्या तारखेला थकला, त्या तारखेपासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज झाला नाही, तर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. वॉरंट आलं की भरायचं, एरवी गप्प बसायचं, हे गणित ज्या बापाला जमलं आहे, त्याला शेवटचं वर्ष नुसतं ढकलायचं असतं. म्हणून पोराच्या सतराव्या वर्षी वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न थकबाकीचा.

दुसरा प्रश्न दाराचा. हरियाणातल्या रेवाडीच्या एका मुलीसाठी २००२ मध्ये याच एकशेपंचविसाखाली अर्ज झाला. २००५ मध्ये ती सज्ञान झाली. अठरानंतरची पोटगी मागत ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला उत्तर मिळालं: हक्क आहे, पण या दाराने नाही. अविवाहित आणि स्वतःच्या कमाईवर जगू न शकणाऱ्या हिंदू मुलीला १९५६च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली बापाकडे मागता येतं. त्यासाठी दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयात वेगळं जावं लागतं. मुसलमान मुलींबाबत लग्न होईपर्यंत बापाची जबाबदारी सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच मान्य केली आहे. रेवाडीच्या मुलीची कोर्टात अठरा वर्षं गेली, जेवढी सज्ञान व्हायला लागतात तेवढीच.

मुलाचं काय? त्याच्यासाठी असं सरळ दार नाही. कर्नाटकातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये पहिली पदवी होईपर्यंत मुलाचा खर्च द्यायला लावला. आईला स्वतःची पोटगी मिळत असेल, तर पोराचं शिक्षण आता तिच्याच अंगावर पडलं म्हणून ती वाढवून मागता येते. हे मार्ग अरुंद आहेत आणि पगारपत्रक असलेल्या बापाला जास्त लागू पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या उत्पन्नाचा कागद कुठून आणणार? नागपूरच्या एका दाव्यातून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र बंधनकारक केलं, ते चांगलंच झालं. पण उचल ही कमाई की कर्ज, हे तो माणूस स्वतःलाही नीट सांगू शकत नाही. त्याचं ‘माझ्याकडं नाही’ हे दर वेळी खोटं असतं असंही नाही. तडजोड करताना ‘अठरापर्यंत’ ऐवजी ‘पदवी होईपर्यंत’ हे दोन शब्द लिहून घेणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं. सही झाल्यावर ते जमत नाही.

मला खरी भीती मुलीच्या बाबतीत वाटते, कारण तिचा हक्क ‘लग्न होईपर्यंत’ आहे. मुलीला जपण्यासाठी लिहिलेले हे शब्द बापाच्या हिशेबात उलटे वाचले जातात: लग्न झालं की देणं मिटलं. बालविवाहाचं दुखणं ज्या मराठवाड्यात जुनं आहे, तिथे हा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक मुलींची फी २०२४ पासून सरकारने माफ केली, पण वसतिगृह आणि डबा उरतोच. त्यात कायद्यानेच अविवाहित मुलीच्या पोटगीत लग्नाचा वाजवी खर्चही धरला आहे.

मग दहा वर्षं ज्याने दिवाळीला फोन केला नाही, तो बाप मामाच्या घरी येऊन बसतो. मुलाकडे चार एकर बागायत आहे, पोरगं निर्व्यसनी आहे, मंडपाचा सगळा खर्च मी करतो, म्हणतो. आई चहा ठेवते. आजी म्हणते, आला तर आला, बापच आहे. मुलगी आतल्या खोलीत मोबाईलवर निकालाची तारीख बघत असते.