घड्याळांचे उसने चेहरे

अमेरिकेंतील आगगाड्यांवरच्या नोकरांचीं खिशांतलीं जुनीं घड्याळें आज शौकीन लोक मोठ्या हौसेनें विकत घेतात. त्यांतील कित्येकांच्या तबकड्या हल्लींच्या काळांत तयार झालेल्या असतात. फुटकी तबकडी काढून नवी बसविण्यास आमची हरकत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो नवी तबकडी जुनी म्हणून खपविण्याला. "यंत्र अस्सल आहे ना? मग तोंडाशीं काय करावयाचें आहे?" असें विचारणाऱ्या सद्गृहस्थांना उत्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

या घड्याळांत तोंड ही केवळ शोभेची वस्तु कधींच नव्हती. १८ एप्रिल १८९१ रोजीं ओहायो संस्थानांत किप्टन येथें टपालगाडी व उतारूंची गाडी समोरासमोर आदळल्या. घड्याळांतील चार मिनिटांची चूक भोंवली, असें सांगतात. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांजकडे त्या मार्गावरील घड्याळांच्या तपासणीचें काम आलें. पुढें जे दंडक रूढ झाले त्यांत आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक नसावा हा जसा एक होता, तसाच तबकडीवर झांकण नसावें व आंकडे ठळक असावे हाही होता. माँटगोमेरी तबकडीवर १ पासून ६० पर्यंत प्रत्येक मिनिटाचा आंकडा आला. १९०८ सालीं पेटंट झालेल्या फर्ग्युसन तबकडीनें तर मिनिटांचे आंकडे मोठे केले व तासांचे लहान करून आंतल्या वर्तुळांत लोटले! हा सारा खटाटोप ड्रायव्हरला एका दृष्टिक्षेपांत मिनिट कळावें म्हणून. तबकडी बदलली कीं या इतिहासाचा पुरावाच बदलला. जुन्या सनदेचा फाटका कोपरा कोणी नव्यानें लिहून जोडला, तर आमचे इतिहाससंशोधक तो जोड जोड म्हणूनच दाखवितात. येथें मात्र जोड लपविण्यालाच कसब म्हणतात!

अस्सल तबकडी म्हणजे तांब्याच्या चकतीवर मिन्याची भुकटी पसरून भट्टींत भाजलेली. उत्तम प्रतीच्या तबकडींत मधला भाग व सेकंदाचें वर्तुळ निरनिराळें करून खोलगट बसवीत. भिंगांतून त्या कडा स्पष्ट दिसतात. हलक्या नकलेंत पुष्कळदां तेथें नुसती छापलेली रेघ असते. ती ओळखूं येते. भीति आहे ती चांगल्या नकलेची.

त्यांतही नांवाचा प्रकार आम्हांस विशेष निंद्य वाटतो. वॉल्थॅम कंपनीनें १९५७ सालीं घड्याळें करणें सोडलें. तिचें नांव आज छापलेल्या तबकडीवर घालणें म्हणजे मेलेल्या सावकाराच्या सहीनें रोखा लिहिणें होय. अमेरिकेंत १९७३ च्या कायद्यानें नकली नाण्यांवर 'नक्कल' हा शब्द उमटविणें सक्तीचें केलें. घड्याळांना तो कायदा लागू नाहीं.

"आम्ही मागच्या बाजूस खूण करतों," असें कोणी म्हणेल. पण मागची बाजू यंत्राला टेकलेली. कांटे व तबकडी उतरविल्याशिवाय ती दिसावयाची नाहीं, आणि दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तें कोण करूं देतो? खूण समोर हवी, काठाशीं, बारीक अक्षरांत कां होईना, पण सालासह. विक्रेत्याला ती जड वाटत असेल, तर कोणत्या गिऱ्हाइकाच्या भीतीनें जड वाटते तेंही त्यानें सांगावें.