यंत्रे १९ दिवस कुलपात होती. मग खात्री कशी करायची?

चाकण नगर परिषदेसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. दुसऱ्याच दिवशी निकाल लागणार होता. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मतमोजणी सगळीकडे एकदमच, २१ डिसेंबरला घ्यायला सांगितली आणि ईव्हीएम १९ दिवस स्ट्राँगरूममध्ये राहिली. एवढ्या दिवसांत आत काही झाले नसेल कशावरून, असे कुणी विचारले तर त्याला वेड्यात काढू नये.

यंत्र इंटरनेटला जोडलेले नसते, हे खरे. पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. खरी राखण कागदावर असते. मतदान संपताच केंद्राध्यक्ष 'क्लोज'चे बटण दाबतात. त्यानंतर त्या यंत्रात मत नोंदवता येत नाही. किती मते पडली, तो आकडा उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर लिहिला जातो. यंत्र सील होते, सीलवर प्रतिनिधींना सही करता येते. चाकणच्या कारखान्यातून कंटेनर निघताना सील नंबर कागदावर चढतो आणि माल उतरवणारा आधी तोच जुळवतो, तसेच हे. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण मते जुळायला हवीत. पण ज्याने नोंदच ठेवली नाही, तो जुळवणार काय? सभेला गाड्या भरून माणसे आणणाऱ्या पक्षांना संध्याकाळी साडेपाचपर्यंत केंद्रात बसणारा एक माणूस अनेकदा मिळत नाही.

अर्थात, या जुळणीतून मते किती पडली एवढेच कळते. ती कुणाला पडली, हे तपासायला व्हीव्हीपॅट लागते. विधानसभेला आपल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या १५ जानेवारी २०२६ च्या मतदानात ही सोय नव्हती. ३२ प्रभाग, १२८ जागा, म्हणजे एका मतदाराला चार मते. अशा बहुसदस्यीय पद्धतीसाठी व्हीव्हीपॅटचे यंत्र उपलब्ध नाही, असे राज्य निवडणूक आयोगाचे म्हणणे. अडचण खरी असेल, पण प्रभाग चारचा करायचे सरकारने ठरवले, मतदाराने नव्हे. त्याच्या सोयीसाठी मतदाराची चिठ्ठी का जावी?

महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते. चार मतांच्या चार चिठ्ठ्या छापणारे यंत्र तयार करून तपासायला एवढा वेळ पुरेसा आहे.