रंजक कादंबरीचे अगत्य

देवकीनंदन खत्री यांनी हिंदीला जितके वाचक मिळवून दिले तितके अन्य कोणाही ग्रंथकाराने दिले नाहीत, हे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी 'हिंदी साहित्य का इतिहास' (१९२९) या ग्रंथात मान्य केले आहे. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून कित्येक उर्दूजाणत्यांनी हिंदी आत्मसात केली, असेही ते नोंदवितात. तथापि या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत स्थान देण्यास ते तयार नव्हते. वाचक घडविणारी कृती आणि साहित्यकृती यांच्यामध्ये तेव्हा घातली गेलेली ही भिंत विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आजही पुष्कळ अंशी शाबूत आहे. जे पंधराव्या वर्षी आनंदाने वाचले जाते ते गंभीर नव्हे, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक तपासण्यास तीन कादंबऱ्या पुरेशा आहेत. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'चाँदेर पाहाड'चा (१९३७) नायक शंकर तागाच्या गिरणीतील नोकरीऐवजी पूर्व आफ्रिकेतील रेल्वेची वाट धरतो आणि अखेर हिऱ्यांच्या शोधात अनोळखी डोंगरांत शिरतो. लेखकाने स्वतः आफ्रिका कधी पाहिली नव्हती. किशोर वाचक सिंहांच्या भयाने पाने उलटतो. प्रौढाला त्याच पानांत वसाहतीतील सुशिक्षित तरुणाची घुसमट जाणवते. वैकम मुहम्मद बशीर यांच्या 'पात्तुम्माची शेळी' (१९५९) या मल्याळम कादंबरीत शेळी खुद्द लेखकाची पुस्तकेही फस्त करते. मुले खळखळून हसतात. मोठ्यांना मात्र त्या हास्याखालचे भरल्या घराचे दारिद्र्य दिसते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मधील (२००४) नववीतल्या मुकुंदाचे पहिले प्रेम समवयस्कांना आपलेच वाटते. आणीबाणी अनुभवलेल्या पिढीला वर्गाच्या शिस्तीत त्या काळाची छाया ओळखू येते.

रंजक म्हणून मिरविणारे पुष्कळसे लेखन एका वाचनातच संपून जाते, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो निवडीविषयीचा आक्षेप आहे, रंजकतेविषयीचा नव्हे. पंधराव्या वर्षी एका बैठकीत वाचलेली कादंबरी चाळिसाव्या वर्षी पुन्हा हाती घेतली असता काही नवे देते काय, हीच येथे कसोटी असावी. वरील तिन्ही कृती तिला उतरतात.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला पाहिजे. शेजारच्या भाषेतील साहित्याशी विद्यार्थ्याची पहिली भेट बहुधा परीक्षेसाठी नेमलेल्या उताऱ्यातून होते आणि परीक्षेबरोबरच ती संपते. भाषेची सीमा ओलांडण्याचे बळ कर्तव्यबुद्धीपेक्षा कुतूहलात अधिक असते. खत्रींच्या वाचकांनी ते सिद्ध केले आहे. म्हणून तौलनिक अभ्यासक्रमाच्या आरंभी तरी अन्य भारतीय भाषेतील अशी एक कादंबरी अनुवादरूपाने, संपूर्ण आणि गुणांच्या धाकावाचून वाचू द्यावी. मीमांसा मागाहून येईलच. पण जेथे वाचकच घडला नाही, तेथे मीमांसा कोणासाठी करावयाची?