खुर्चीची बैठक आणि आपला कापडधंदा

डिझायनर खुर्ची म्हटली की आपले कापडवाले बांधव तो सुतारांचा विषय समजून पान उलटतात. आम्हीही तीस वर्षे तेच केले. पण खुर्ची उभी राहते लाकडावर किंवा लोखंडावर आणि माणूस बसतो विणीवर, ही साधी गोष्ट आम्हाला नुकसान सोसून कळली.

२०१७ साली एका हॉटेलने ४० खुर्च्यांचे काम काढले. मालकाने मोबाइलवर परदेशी खुर्चीचा फोटो दाखवला, मिस्त्रीने हुबेहूब सांगाडा उभा केला, कापड आम्ही दिले. रंग जुळला, भावही जुळला. सात महिन्यांत बैठकीच्या शिवणीजवळ धागे सरकून फटी पडल्या. कापड पडद्याचे होते, बैठकीचे नव्हते. पडद्याला नुसते लटकायचे असते, बैठकीच्या कापडाला दिवसभर ताण आणि घासणे सोसायचे असते. बोल मिस्त्रीला लागला, चूक आमची होती. पैसे आम्ही भरून दिले, पण त्याचे गिऱ्हाईक गेले ते गेलेच.

चांगल्या सोफा-कापडाबरोबर मार्टिनडेल चाचणीचा आकडा येतो. यंत्रावर कापड लोकरी कापडाशी घासतात आणि किती घासण्यांनी धागा तुटतो ते मोजतात. घरच्या वापराला साधारण पंधरा-वीस हजार चालतात, हॉटेल-ऑफिसला तीस हजारांच्या पुढे मागतात. शिवण सरकण्याची चाचणी वेगळी. हा आकडा मिलवाल्याकडे मागायचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते!

त्यानंतर आम्ही या खुर्च्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू लागलो. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या खुर्च्या सोडून द्या. त्यांचा साचाच लाखोंचा, तो बड्या भांडवलाचा खेळ आहे. विणलेल्या खुर्च्या मात्र आपल्या घरातल्या वाटतात. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ साली आखलेली, पाठीला इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार असलेली खुर्ची आजही बनते. तिच्या बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते, आणि ती दोरी चक्क पिळलेल्या कागदाची! कारागीर ती चारी दांड्यांवर हाताने विणतो. आपल्याकडे बाज विणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फरक एकच, पण मोठा. बाजेला पायथ्याशी ताणदोरी असते, उर्दूत तिला अदवान म्हणतात. बाज सैल झाली की ती ओढून घेता येते. खुर्चीला अदवान नसते. विणताना जो ताण बसला तोच जन्मभर राहणार. म्हणून सगळी किंमत त्या हाताची.

अमेरिकेत १९४० च्या दशकात येन्स रिसोम यांनी नोल कंपनीसाठी लाकडी सांगाड्यावर सैन्याच्या कामातून उरलेल्या पट्ट्या विणून खुर्ची केली. ती आपली नवारच की! १९९४ साली हर्मन मिलर कंपनीची एरॉन खुर्ची आली. तिच्या बैठकीत ना फोम, ना गादी. ताणलेली जाळीच सारा भार पेलते. मार्सेल वांडर्स या डच कारागिराने तर १९९६ मध्ये दोरीला गाठी मारून, ती राळेत भिजवून, चौकटीला टांगून वाळवली. दोरीचीच खुर्ची उभी राहिली. तिच्या दोरीत आत कार्बनचा धागा आणि वर अरामिडची वेणी आहे. हे सारे धाग्याचे हुन्नर आहे आणि धागा आपला धंदा आहे. आपण मात्र फोटोवरून आकाराची नक्कल करतो, वीण कुणी विचारीत नाही.

आपल्याच देशातला दाखला चंदीगडचा. ते शहर वसवताना १९५० च्या दशकापासून प्येर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या बनल्या. पुढे मोडक्या ठरून त्या भंगाराच्या भावात गेल्या, आणि परदेशातल्या लिलावांत त्यांनाच लाखोंचा भाव आला. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढावा लागला. लिलावाच्या पुस्तकात जानरे यांचे नाव ठळक छापतात. लाकूड कुणी कापले, वेत कुणी विणला, याचा पत्ता नसतो. आमच्या मते यात दोष परदेशी दलालाचा कमी, आपल्या सवयीचा जास्त. आपला मिस्त्री बिलावर ‘खुर्ची नग ४०’ एवढेच लिहितो. लाकूड कोणते, वीण कोणती, हात कुणाचा, काही नाही.

आम्ही आता बैठकीच्या कापडाच्या बिलावर घासण्यांचा आकडा लिहितो आणि मिस्त्रींना बैठकीखाली स्वतःचे नाव व साल कोरायला सांगतो. दोघांनी ऐकले, बाकीचे हसतात. त्या दोघांपैकी एकाने परवा आमची सुती नवार परत पाठवली. निरोप एवढाच होता, ‘सेठ, ही महिन्यात सैल पडेल, पॉलिस्टरची द्या.’ आम्ही ओढून पाहिली. त्याचे बरोबर होते.