बाटलीतलं कॅल्शियम आणि बोंडातला धागा

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फुलं लागली की माझ्या धाकट्या भावाचा फोन येतो. समुद्रपूर तालुक्यात त्याचं वावर आहे. मागच्या हंगामात म्हणाला, "ताई, हे कॅल्शियम मारलं की धागा लांब होते म्हणते दुकानदार. मारू का?" विचारलं खरं, पण दोन बाटल्या आधीच मारून झाल्या होत्या. वेचणीच्या वेळी बोंडं नेहमीसारखीच निघाली. दुकानातली उधारी तेवढी वाढली.

त्या दुकानाचं नाव मी घेत नाही. तो एकटाच असं सांगत असता तर हा लेख लिहिला नसता.

मी हिंगणघाटला एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पेशीचा सांगाडा हा भाग आला की पोरं हमखास पेंगायची. मग एका वर्षी सरकीसकट कापूस घेऊन गेले, एकेकाच्या हातावर एकेक बी ठेवलं आणि सांगितलं, यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. "मॅडम, एवढी लांब पेशी राहते का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. राहते. पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो असं आपण शिकवतो आणि इथे घराघरात पेशींच्या गाद्या भरलेल्या.

या पेशीच्या लांबीला भावही आहे. 2025-26च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये, लांब धाग्याचा 8,110. मध्यम म्हणजे साधारण 25 मिलिमीटर, लांब म्हणजे 30च्या आसपास. पाच मिलिमीटरला चारशे रुपये! "धागा लांब होते" हे वाक्य शेतकऱ्याच्या कानाला गोड लागणारच.

आता बोंडात काय चालतं ते पाहू. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. त्याच सुमारास आत कोवळ्या बियांच्या सालीवरच्या काही पेशी फुगून बाहेर येतात आणि सुमारे तीन आठवडे लांबत राहतात. ऐन भरात दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत. नंतर लांबणं थांबतं आणि भिंत जाड होत जाते. फुगा भरला की तो सगळीकडून फुगतो. ही पेशी मात्र सुतासारखी एकाच दिशेने वाढते, कारण तिच्या आत सांगाडा आहे. त्यातल्या सूक्ष्मनलिका पिंपावरच्या लोखंडी कड्यांसारख्या आडव्या बसतात, त्यांच्या धोरणाने भिंतीतलं सेल्युलोज आडवं रचलं जातं, आणि पेशीला जाड होता येत नाही म्हणून ती लांब होते. ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू म्हणजे आतले रस्ते, त्यांच्यावरून माल पोचतो. 2005मध्ये चिनी संशोधकांनी कापसातलं ॲक्टिनचं एक जनुक दाबून पाहिलं, तर कापसाचे तंतू आखूड निघाले.

या सगळ्यात कॅल्शियम आहेच, दुकानदार तेवढ्यापुरता खरा. पण ते काय काम करतं? पेशीरसात मोकळं कॅल्शियम जवळजवळ ठेवलेलंच नसतं. बाहेर ते हजारो पटींनी जास्त, आणि आत शिरलेलं कॅल्शियम पेशी सतत उपसून बाहेर टाकते किंवा कोठारात कोंडते. गरज पडली की दार क्षणभर उघडायचं, आतली पातळी चढते, तोच निरोप. आमच्या लहानपणी गिरणीचा भोंगा वाजला की गाव उठायचं. तो दिवसभर वाजत राहिला असता तर कोणी कान दिला नसता. हा भोंगा ऐकणारं एक प्रथिन म्हणजे कॅल्मोड्युलिन. चार कॅल्शियम त्याला चिकटले की ते आकार बदलतं आणि दुसऱ्या प्रथिनांना कामाला लावतं. व्हिलिन जातीची काही प्रथिनं तर कॅल्शियम चढताच ॲक्टिनचे तंतू कापतात, म्हणजे जुना रस्ता उखडून नवा टाकायची सोय. आपल्या हृदयाचा ठोकाही कॅल्शियमच्या निरोपावरच पडतो. म्हणून कोणी ठोके वाढवायला चुना खात नाही.

2014मध्ये कापसाच्या अशाच एका कॅल्मोड्युलिनवर प्रयोग प्रसिद्ध झाला. ते वाढवलं तर तंतू सुरुवातीला जोमाने लांबले, दाबलं तर खुंटले. नीट पाहा, बदल केला तो निरोप ऐकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात. कॅल्शियमची फवारणी तिथे नव्हती.

बरं, आपली जमीन कोणती? काळी, चुनखडीची. कॅल्शियम तिच्यात मुळातच भरपूर. शिवाय पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच अडकतं. ते झाडात मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं, पानातून बोंडाकडे फारसं उतरत नाही. हलक्या, आम्लधर्मी जमिनीत कॅल्शियम खरंच कमी पडू शकतं, तिथली गोष्ट वेगळी. पण आमच्या भागात माती न तपासता ही बाटली गळ्यात मारणं ही शुद्ध फसवणूक आहे, आणि बाटलीवर "धाग्याची लांबी वाढवते" असं छापणाऱ्याकडे धागा मोजल्याचा पुरावा मागितला जात नाही, ही कृषी खात्याची ढिलाई. कापूस घेताना ग्रेडर मिलिमीटर मोजतो. मग औषध विकणाऱ्याला ती मोजपट्टी का नको?

लांबी मुख्यतः वाण ठरवतो. त्याखालोखाल फुलानंतरच्या त्या तीन आठवड्यांतलं पाणी, कारण पेशी फुगते ती पाण्याच्या दाबाने. भावाला मी यंदा एवढंच सांगितलंय: बाटलीचे पैसे वाचव आणि त्या दिवसांत पावसाचा खंड पडला तर एक ओलीत दे. शंका असेल तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचार.

आणि तुम्हाला बाटली घ्यायचीच असेल, तर दुकानदाराला विचारा की धागा किती मिलिमीटर वाढतो आणि तो मोजला कुठे. उत्तर पक्क्या बिलावर लिहून मागा.