भिंत आपली, खिळा आपला

मी मुंबईच्या गोदीत माल उपसतो. मॅट्रिक पास. गाव आसगाव, तालुका पवनी. इथल्या एका गॅलरीच्या दारात वॉचमननं मला हटकलं, 'पार्सल कुणाचं?' हातात गावच्या दोस्तानं काढलेलं चित्र होतं!

दोस्तहो, पवनीत १९६९-७० साली जगन्नाथ टेकडी खणली. बौद्ध स्तूप निघाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आणि आज? दंडारीचा पडदा रंगवणारा निनावी. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची रोजी फ्लेक्सनं गिळली. आपल्या समाजमंदिराच्या भिंतीसुद्धा पुढाऱ्यांच्या वाढदिवसांनी झाकल्यात. गॅलरीवाल्यांना शिव्या घालताना हेही बोला की!

म्हणून आता भीक मागणं बंद. आसगावच्या पोरापोरींनो, आणा तुमची चित्रं. पोस्टकार्डाएवढं चालेल, वहीचं पान चालेल, कोळशानं काढलेलंही चालेल. फ्रेम नको, फी नको, कुणाची शिफारस नको. समाजमंदिराचा ओटा हीच आपली गॅलरी. फ्लेक्स उतरवा, खिळे ठोका.

अट एकच : चित्राखाली स्वतःचं नाव लिहायचं. पूर्ण. आडनावासकट.