१६२ मतांचा आमदार

मुस्लिम मते एकगठ्ठा पडतात, असे दर निवडणुकीत छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी मालेगाव मध्यचा २०२४ चा निकाल नीट पाहावा. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मते पडली, माजी आमदार आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक १६२ चा, राज्यात सर्वांत कमी. समाजवादी नेते दिवंगत निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद याही रिंगणात होत्या. कसला गठ्ठा?

मुफ्ती २००९ मध्ये पहिल्यांदा निवडून आले ते विनय कोरे यांच्या जनसुराज्यकडून, आसिफ यांचे वडील शेख रशीद यांना हरवून. २०१४ ला राष्ट्रवादीचे उमेदवार म्हणून आसिफ यांच्याकडून हरले, २०१९ ला एमआयएमकडून परतले. चिन्हे बदलली, लढत मात्र एक धर्मगुरू आणि एक घराणे यांच्यातच राहिली.

आता २८८ च्या सभागृहात ते पक्षाचे एकटेच आहेत आणि मतदारसंघ यंत्रमागाचा. वीज गेली की माग थांबतो, मजुरी कापडाच्या मीटरवर, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. लहान यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया ज्यादा सवलत सरकारने २०२४ मध्येच जाहीर केली होती. ती प्रत्येक मागापर्यंत पोचवायची तर एकट्याचा आवाज पुरणार नाही. इचलकरंजीचा आमदार भाजपचा आहे, भिवंडी पूर्वचा समाजवादीचा. विजेच्या बिलाची रड मात्र तिन्ही गावांत एकच आहे.